संसदेवरचे सिंह, जंजिऱ्याचा वाघ आणि मुलूखमैदानचा जबडा : दारावर जनावर का बसवतात?

मुखेडचं दशरथेश्वर मंदिर हे मराठवाड्यातल्या जुन्या, कोरीवकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या मंदिरांपैकी एक. चालुक्य आणि यादवांच्या काळातली अशी मंदिरं नांदेड-लातूरकडे बरीच आहेत. त्यांच्या गाभाऱ्यात शिरताना आपण खाली वाकून उंबऱ्याला हात लावतो, तो कपाळाला लावतो आणि आत जातो. पण त्या उंबऱ्याकडे नीट बघणारे कमीच.

अशा उंबऱ्यांवर बऱ्याचदा एक तोंड कोरलेलं असतं. बटबटीत डोळे, विचकलेले दात आणि खालचा जबडा जवळपास गायब. हे कीर्तिमुख.

त्याची पुराणातली गोष्ट प्रसिद्ध आहे. शंकराच्या रागातून एक भुकेलं भूत जन्माला आलं. ज्याला खायचं होतं तो शरण आला, म्हणून त्याला अभय मिळालं. आता खायचं काय? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्यानं पायापासून सुरुवात केली आणि शेवटी फक्त तोंड उरलं. शंकर खूश झाले आणि त्यांनी त्या तोंडाला आपल्या दारावर कायमची जागा दिली.

म्हणजे देवाच्या दारावर कुणाला बसवलं, तर जे सगळ्यात भीतीदायक होतं त्याला. बाहेरून वाईट हेतूनं येणाऱ्यानं त्याला घाबरावं आणि आतल्या माणसानं निर्धास्त राहावं, एवढाच त्यामागचा हिशोब.

हा हिशोब फक्त देवळांपुरता नाही. किल्ले, राजवाडे, रेल्वे स्टेशन, बँका आणि संसद, सगळ्यांनी तो वापरलाय. २०२२ च्या जुलैमध्ये दिल्लीत नव्या संसदेवरच्या सिंहांचे दात जास्त दिसतात का, यावरून देशभर जो वाद झाला, त्याचं मूळसुद्धा इथंच आहे.

दारावरचं जनावर कुणाशी बोलतं?

आपल्याकडे श्रीमंती सांगायची तर "दारी हत्ती झुलतात" असं म्हणतात. मोठ्या वाड्याच्या किंवा देवळाच्या मुख्य दाराला सिंहद्वार म्हणतात. दार आणि जनावर यांचं नातं भाषेतच मुरलेलं आहे.

हे जनावर मालकाशी बोलत नाही, ते येणाऱ्याशी बोलतं. हे घर कुणाचं आहे आणि इथं कसं वागायचं, हे ते सांगतं. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी ती पाटी असते.

मुरूडच्या जंजिऱ्याचं उदाहरण घ्या. मुख्य दरवाज्याजवळच्या शिल्पात वाघासारखं एक जनावर आहे. त्यानं एक हत्ती तोंडात धरलाय, चार हत्ती चार पंजांत दाबलेत आणि एक शेपटीत गुंडाळलाय. होडीतून उतरणाऱ्या माणसाला पहिलं दर्शन याचंच. हत्ती म्हणजे मोठ्या राजांचं बळ. असे सहा हत्ती आम्ही खेळवतो, हा त्याचा निरोप. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांच्या दरवाज्यांवर सिंहासारख्या शरभाचं शिल्प दिसतं, तेही याच जातीचं.

आता मुंबईला या. आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं उभं केलं. १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. तिथं फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. दोघं शेजारी शेजारी बसलेत, भांडत नाहीत. पण रेल्वे कुणाची, राज्य कुणाचं आणि या जोडीचा अर्थ ठरवणारा कोण, हे तेव्हाच्या प्रवाशाला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

चीनमध्ये हीच प्रथा जोडीनं चालते. दारासमोर दोन सिंह असतात. नराच्या पंजाखाली चेंडू आणि मादीच्या पंजाखाली पिल्लू. बीजिंगच्या राजवाड्यात असे मोठे कांस्याचे सिंह आजही दारं राखत बसलेत.

जंजिऱ्याचा वाघ आणि सीएसएमटीची जोडी दगडाची आहे. बीजिंगचे सिंह आणि संसदेच्या माथ्यावरचे सिंह कांस्याचे. हा फरक दिसायला साधा आहे, पण त्यातूनच या राखणदारांचं नशीब ठरतं.

कांसं म्हणजे नेमकं काय?

कांसं आपल्याला अनोळखी नाही. तळपायाला तेल किंवा तूप लावून घासायची ती काशाची वाटी. वारकऱ्यांच्या हातातले टाळही काशाचे. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं आणि तांब्यात कथील मिसळलं की कांसं. कथील म्हणजे कल्हईवाला पितळेच्या पातेल्याला आतून लावतो तोच पांढरा धातू. मूर्तीच्या कांस्यात साधारण नऊ भाग तांबं आणि एक भाग कथील असतं. हे प्रमाण कामाप्रमाणं थोडं बदलतं.

कथील घातल्यानं दोन गोष्टी होतात. नुसतं तांबं वितळायला सुमारे १०८५ अंश सेल्सिअस तापमान लागतं, कथील मिसळलं की ते कमी होतं. शिवाय रस पातळ होतो आणि साच्याच्या बारीक कोपऱ्यापर्यंत पोचतो. थंड झाल्यावर तो तांब्यापेक्षा कडक होतो. सिंहाच्या आयाळीतली एकेक बट किंवा जबड्यातला सुळा उठून दिसायचा तर हे लागतंच.

दगडात एक अडचण असते. उचललेला पाय, वर गेलेली शेपटी, पुढं आलेली सोंड हे सगळं स्वतःच्या वजनानं तुटू शकतं. म्हणून दगडाचं जनावर बहुतेक वेळा बसलेलं किंवा मागच्या भिंतीला चिकटलेलं असतं. कांस्याचं जनावर आतून पोकळ असतं आणि धातू ताण सोसतो. त्यामुळे ते एका पायावर तोल सांभाळूनही उभं राहू शकतं.

मेण जातं, जनावर उरतं

मोठं कांस्यशिल्प घडवायची जुनी पद्धत आजही मुळात तीच आहे. आधी मातीचं पूर्ण शिल्प करतात. त्यावरून साचा घेतात. साच्याच्या आतून मेणाचा पातळ थर देतात आणि मधली पोकळी भरून काढतात. मग मेणाच्या बाहेरून पुन्हा उष्णता सोसणारा थर चढवतात. हे सगळं भट्टीत तापवलं की मेण वितळून निघून जातं आणि त्याची जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेत ओतारी वितळलेलं कांसं ओततो.

शिल्प फार मोठं असेल तर ते तुकड्यातुकड्यांनी ओततात आणि नंतर जोडतात. सांधे घासून काढतात. शेवटी रसायनं आणि उष्णता वापरून त्याला तपकिरी, काळपट किंवा हिरवट रंग देतात.

ही कला महाराष्ट्राला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये जमीन खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांची जोडी जुंपलेला रथ. चौघांचं मिळून वजन ६० किलोहून जास्त. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण अनेक जण त्यांना उत्तर हडप्पा काळातलं, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं मानतात. मेण घालवून धातू भरायची अक्कल गोदावरी खोऱ्यात इतकी जुनी आहे.

तोफेचा सिंह, सिंहाची तोफ

इथून गोष्ट थोडी कडू होते. दगडाची मूर्ती फुटली की तिचा दगडच राहतो. कांस्याची मूर्ती मात्र वितळते. वितळलं की तिची तोफ होते, नाणं होतं, भांडं होतं किंवा नुसते पैसे होतात. त्यामुळे दाराची राखण करणाऱ्या या जनावरांचीच राखण करायची वेळ येते.

मराठवाड्याशी नातं सांगणारं एक उदाहरण विजापुरात आहे. मुलूखमैदान तोफ. ती १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिरानं ओतली. वजन सुमारे ५५ टन, लांबी चार मीटरपेक्षा जास्त. तिचं तोंड म्हणजे एका सिंहासारख्या जनावराचा उघडा जबडा आणि त्या दातांत चिरडला जाणारा हत्ती. जंजिऱ्याच्या दारावर जे दगडात आहे, तेच इथं धातूत. ती काही काळ परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाहीनं ती विजापूरला नेली. ती ओढायला १० हत्ती, ४०० बैल आणि शेकडो माणसं लागली, असं सांगतात. आज ती ज्या बुरुजावर आहे, त्याचं नावही शेर्जा बुरूज, म्हणजे सिंहाचा बुरूज.

एवढं सगळं होऊन १८५४ मध्ये इंग्रजांच्या काळात ती लिलावात निघाली. सगळ्यात मोठी बोली आली १५० रुपयांची. लिलाव रद्द झाला म्हणून तोफ वाचली. नाहीतर तो जबडा केव्हाच कुठल्यातरी भट्टीत गेला असता.

स्पेनमध्ये याच्या उलट घडलं. माद्रिदला तिथल्या संसदेच्या पायऱ्यांवर दोन कांस्याचे सिंह आहेत. आधी तिथं प्लास्टरचे सिंह होते, ते उन्हापावसात टिकले नाहीत. मग १८६० च्या मोरोक्कोविरुद्धच्या लढाईत हाती लागलेल्या तोफा वितळवून नवे सिंह ओतले. शिल्पकार होता पोन्सियानो पोन्सानो. १८७२ मध्ये ते दारावर बसले. लोक त्यांना दाओइस आणि वेलार्दे म्हणतात. ही नावं १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजेशी लढताना मेलेल्या दोन अधिकाऱ्यांची. म्हणजे अहमदनगरात कांस्याच्या तोफेला सिंहाचं तोंड दिलं आणि माद्रिदमध्ये कांस्याच्या तोफांचेच सिंह केले. धातू तोच, फक्त काम बदललं.

हाँगकाँगच्या सिंहांची कथा तर सिनेमासारखी. १९३५ मध्ये तिथल्या एचएसबीसी बँकेच्या दारात कांस्याचे दोन सिंह बसवले. एकाचा जबडा उघडा, दुसरा शांत. बँकेच्या दोन अधिकाऱ्यांवरून त्यांची नावं पडली, स्टीफन आणि स्टिट. दुसऱ्या महायुद्धात जपाननं हाँगकाँग घेतलं आणि हे सिंह वितळवायला जपानला पाठवले. युद्ध संपल्यावर ते ओसाकात सापडले. तोवर कुणी त्यांना भट्टीत टाकलं नव्हतं. १९४६ मध्ये ते हाँगकाँगला परत आले. लढाईत लागलेल्या गोळ्यांचे व्रण त्यांच्या अंगावर आजही दिसतात. पुढं १ जानेवारी २०२० च्या आंदोलनात त्यांना रंग फासून आग लावली गेली. दुरुस्ती करून त्याच वर्षी ते पुन्हा दारात बसले.

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर २०२२ सालचं जांब समर्थ आठवा. जालना जिल्ह्यातल्या या गावात, समर्थ रामदासांच्या जन्मगावी, ऑगस्टमध्ये मंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. काही महिन्यांनी पोलिसांनी त्या शोधून काढल्या. प्रत्येक वेळी नशीब असं साथ देत नाही.

नव्या संसदेच्या सिंहांचा वाद नेमका काय होता?

आता दिल्लीकडे वळूया. ११ जुलै २०२२ ला नव्या संसदेच्या माथ्यावरच्या राजमुद्रेचं अनावरण झालं. ती कांस्याची आहे. उंची साडेसहा मीटर आणि वजन ९,५०० किलो. तिला आधार द्यायला सुमारे ६,५०० किलोंचा पोलादी सांगाडा उभारलाय. काम करणारे प्रमुख शिल्पकार दोन. एक जयपूरचे लक्ष्मण व्यास आणि दुसरे छत्रपती संभाजीनगरशी नातं असलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले सुनील देवरे.

मूळ शिल्प सारनाथचं, सम्राट अशोकाच्या काळातलं. १९०४-०५ च्या उत्खननात ते सापडलं. चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेत. त्यांच्याखालच्या पट्टीवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह. २६ जानेवारी १९५० ला भारतानं ही राजमुद्रा म्हणून स्वीकारली. चारही सिंहांचं तोंड वेगवेगळ्या दिशेला आहे, पण एकही अंगावर येत नाही. ते बळकट दिसतात आणि शांतही.

अनावरणाचे फोटो आले आणि आक्षेप सुरू झाला. विरोधी पक्षांतले नेते आणि काही इतिहास अभ्यासक म्हणाले, सारनाथचे सिंह सौम्य आहेत, हे दात दाखवतायत. सरकार आणि शिल्पकारांचं म्हणणं असं होतं की, शिल्प मूळाबरहुकूमच आहे, फरक बघण्याच्या जागेचा आहे. सारनाथचं शिल्प माणसाच्या नजरेसमोर येतं, हे जमिनीपासून सुमारे ३३ मीटर उंचीवर आहे. फोटो मात्र जवळून आणि खालून काढलेले.

कॅमेऱ्याचा हा खेळ मोबाईल हातात असलेल्या कुणालाही कळेल. उभ्या माणसाचा फोटो त्याच्या पायाजवळ बसून काढला की हनुवटी आणि जबडा मोठा येतो आणि कपाळ बारीक. शिवाय शिल्प तिप्पट मोठं केलं की मूळात बारीक असलेल्या रेषाही ठळक होतात. शिल्पकाराला त्या दुरून दिसाव्यात म्हणून खोलही घ्याव्या लागतात.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. राजमुद्रेच्या गैरवापराबद्दल २००५ चा कायदा आहे, त्याचा भंग झाला असं याचिकेत म्हटलं होतं. ३० सप्टेंबर २०२२ ला न्यायालयानं याचिका फेटाळली. कायद्याचा भंग दिसत नाही आणि शिल्पाकडे बघून काय वाटतं हे बघणाऱ्याच्या मनावर आहे, असा न्यायालयाचा रोख होता.

कायद्याचा प्रश्न तिथं संपला. पण लोक भांडत होते ते फक्त दातांवरून नाही. दारावरचं जनावर येणाऱ्याला घराच्या मालकाबद्दल सांगतं. जंजिऱ्यात मालक किल्ल्याचा धनी होता, सीएसएमटीत इंग्रज. संसदेचा मालक कोण? कागदावर तरी बाहेरून बघणारा सामान्य माणूसच. मग त्या सिंहानं त्याच्याकडे कसं बघावं? हा प्रश्न एका बाजूला दात मोजून सुटणारा नाही आणि दुसऱ्या बाजूला फोटोचा कोन बदलूनही सुटणारा नाही.

याच इमारतीच्या सहा दारांवरही राखणदार आहेत. गज, अश्व, गरुड, मकर, शार्दूल आणि हंस. त्यांच्याच नावानं दारं ओळखली जातात. बातम्यांत खासदारांची निदर्शनं दिसतात ते मकरद्वार यातलंच. सहापैकी हंस सोडला तर बाकीचे बळाचे किंवा वेगाचे. हंस मात्र आपल्याकडे दूध आणि पाणी वेगळं करणारा. कायदे करणाऱ्या घराच्या दारावर त्यालाही जागा मिळाली, हे बरंच झालं.

पुढच्या वेळी दारात थांबाल तेव्हा

एखाद्या कचेरीच्या, देवळाच्या किंवा किल्ल्याच्या दारावर जनावर दिसलं तर तीन गोष्टी बघा. ते कुणाकडे बघतंय, त्याच्या पंजाखाली कोण आहे आणि त्याचा कुठला भाग चकचकीत झालाय.

तिसरी गोष्ट विशेष मजेची. धातू उघड्यावर राहिला की त्यावर काळपट किंवा हिरवा थर चढतो. हा थर आतल्या धातूचं रक्षणच करतो. पण लोक जिथं रोज हात लावतात तिथला थर निघून जातो. म्हणून पितळी नंदीची शिंगं आणि पाठ सोन्यासारखी चमकते, तसेच हाँगकाँगच्या सिंहांचे पंजेही. राखणदार घाबरवायला बसवलेला असतो, लोक त्याला कुरवाळून आपला करून टाकतात.

शेवटी कामाची माहिती. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना जुनी धातूची मूर्ती, जनावर किंवा नाणी सापडली तर ती घरात ठेवता किंवा विकता येत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्तींच्या व्यवहारावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत आणि त्या देशाबाहेर नेऊन विकणं गुन्हा आहे. आणि उंबऱ्यावरच्या दगडी कीर्तिमुखावर ऑईलपेंट मारायचा बेत गावात ठरत असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा. रंगानं बारीक कोरीवकाम बुजतं आणि ते पुन्हा मोकळं करणं अवघड असतं.

मुलूखमैदान १५० रुपयांत गेली असती तर आज कुणाला तिची आठवणही नसती. ती राहिली, कारण वेळेवर कुणीतरी नाही म्हणालं. दारावरच्या जनावराला फार मोठं काही लागत नाही, त्याच्या वतीनं बोलणारा एक माणूस पुरतो.